खोबरेल थिजतं, चुना विरतो: द्रव्यात नेमकं काय बदलतं?

'भौतिक बदल आणि रासायनिक बदल यांतील फरक लिहा.' सातवी-आठवीपासून हा प्रश्न पिच्छा सोडत नाही आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे लिहायचं: तात्पुरता, उलट करता येतो, नवा पदार्थ तयार होत नाही. उजवीकडे: कायमचा, उलट करता येत नाही, नवा पदार्थ तयार होतो. मार्क मिळतात, विषय संपतो.

हा तक्ता घेऊन मालवण-वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या घराभोवती फेरी मारायला निघालं तर तो परसदारापर्यंतही टिकत नाही. नारळ फोडला, खवणीवर खवला. खवलेलं खोबरं पुन्हा जोडून वाटी होणार नाही, म्हणजे बदल कायमचा. पण खोबरं होतं ते खोबरंच राहिलं, नवीन काहीच तयार झालं नाही. आता जुन्या भिंतीचा चुना घ्या. शिंपा भट्टीत जाळून केलेला, पाण्यात विरवलेला, आणि भिंतीवर चढल्यानंतर हवेत हळूहळू पुन्हा शिंपेतलाच पदार्थ झालेला. एकामागून एक तीन रासायनिक बदल झाले आणि शेवटी गाडी मूळ मुक्कामावर आली. म्हणजे तक्त्यातल्या तीन ओळींपैकी दोन कुचकामी. कामाची ओळ एकच: नवा पदार्थ तयार झाला की नाही. 'कायमचा' आणि 'उलट करता येत नाही' हे पाठ करायला सोपं, म्हणून पुस्तकांना चिकटून राहिलं असावं, असं माझं मत आहे.

आधी पदार्थ म्हणजे काय

नवा पदार्थ ओळखायचा तर जुना कशामुळे 'तो पदार्थ' होता हे आधी कळायला हवं. ज्याला वस्तुमान आहे आणि जे जागा व्यापतं ते द्रव्य. समुद्राचं पाणी द्रव्य, जांभ्याचा चिरा द्रव्य, शिडात भरणारा वारासुद्धा द्रव्यच. हे सगळं अणूंचं बनलेलं आहे. एकाच प्रकारच्या अणूंपासून बनलेलं ते मूलद्रव्य, आणि अशी ११८ मूलद्रव्यं आजवर माहीत आहेत. वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे अणू ठरावीक प्रमाणात एकमेकांशी बांधले गेले की संयुग होतं. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. पाणी विहिरीतलं असो, पागोळीचं असो, की फ्रीजमधल्या बर्फाचं, हे प्रमाण बदलत नाही.

मिश्रणाला असा नेम नसतो. हवा, समुद्राचं पाणी, सोलकढी ही मिश्रणं. सोलकढीत नारळाचा रस जास्त घातला म्हणून ती सोलकढी राहत नाही असं कोणी म्हणणार नाही. मिश्रणातले घटक आपापली बांधणी सांभाळून एकत्र नांदतात, म्हणून ते गाळून, वाळवून किंवा उकळून वेगळे काढता येतात.

कसोटी हीच. बदल झाल्यावर कोणता अणू कोणाशी बांधलेला आहे ते बघायचं. बांधणी तीच असेल तर बदल भौतिक, बदलली असेल तर रासायनिक.

खोबरेल आणि उकड

डिसेंबर-जानेवारीत कोकणातही पहाटे थोडा गारवा पडतो आणि खोबरेलाची बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाही. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसला थिजतं. थोडं ऊन लागलं की पुन्हा पातळ. तेलाचे रेणू तेच, फक्त थंडीत त्यांची हालचाल मंदावली आणि ते एकमेकांना धरून जागच्या जागी बसले. हा भौतिक बदल, आणि इथे तक्ताही बरोबर ठरतो.

मात्र त्या बाटलीत बघण्यासारखं आणखी काही असतं. तेल अर्धवट थिजलेलं असताना पांढरा भाग खाली बसलेला दिसतो, पातळ तेल वर. बर्फाचं याच्या उलट, तो पाण्यावर तरंगतो. जवळपास सगळे पदार्थ घट्ट होताना आक्रसतात आणि त्यामुळे जड होऊन बुडतात. पाणी गोठताना फुगतं, कारण बर्फात पाण्याचे रेणू मधे मोकळी जागा सोडून रचले जातात. म्हणजे खोबरेल वागतं ते नेहमीचं, चमत्कारिक वागतं ते पाणी. दुसरी गोष्ट अशी की बर्फ नेमका शून्य अंशाला वितळतो, खोबरेल तसं एका क्षणात वितळत नाही. आधी ते मऊ होतं, मग त्याची गिचकी होते आणि मग पातळ. खोबरेल हे अनेक प्रकारच्या स्निग्ध रेणूंचं मिश्रण आहे आणि प्रत्येकाचा वितळण्याचा अंश वेगळा. वितळणबिंदू पक्का नसला की पदार्थ शुद्ध नाही, हे प्रयोगशाळेतही असंच ओळखतात.

बर्फाचा विषय निघालाच आहे तर बंदरावरचं एक सांगतो. मासेमारीला निघालेल्या बोटीवर बर्फ भरतात तो फक्त गार असतो म्हणून नव्हे. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढ्या उष्णतेत तेच एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापेल. आणि वितळत असताना बर्फाचं तापमान शून्याच्या वर सरकत नाही. खणात बर्फाचे तुकडे शिल्लक आहेत तोवर त्यांच्यात दबलेला बांगडा शून्याच्या आसपासच राहतो.

आता उकडीकडे. उकळत्या पाण्यात तांदळाची पिठी टाकली, झाकण ठेवलं, वाफ आणली. मोदकाला लागते ती लवचीक उकड तयार. तिची पुन्हा पिठी करून दाखवा! उकड वाळवून दळली तरी त्या पिठाची पुन्हा तशीच उकड होत नाही. म्हणजे तक्त्याप्रमाणे हा रासायनिक बदल. पण पिठात होतं काय, तर स्टार्च. उकडीतही स्टार्चच आहे, ग्लुकोजच्या त्याच लांबच लांब साखळ्या. साठ-सत्तर अंशांच्या पुढे स्टार्चच्या कणांत पाणी शिरतं, कण फुगतात, आतली घट्ट घडी मोडते आणि साखळ्या पाण्यात पसरतात. साखळीतली एकही कडी तुटलेली नसते. पुन्हा जशीच्या तशी घडी घालणं शक्य नाही, एवढंच. याला भौतिक म्हणावं की रासायनिक यावर शिक्षकांत वाद होतो आणि तो होणारच. साखळ्यांच्या घड्या धरून ठेवणारे बंध हे अणूंना अणूंशी बांधणाऱ्या बंधांपेक्षा फार कमजोर असतात. त्यांनाही 'बांधणी' म्हणायचं का, यावर उत्तर अवलंबून आहे. निसर्गाने काही वहीत उभी रेघ मारून ठेवलेली नाही.

मिठागरात

कोकणच्या किनाऱ्यावर उरण-पेणपासून शिरोड्यापर्यंत मिठागरं होती आणि काही ठिकाणी अजून आहेत. १९३० मध्ये दांडीयात्रेनंतर शिरोड्याच्या मिठागरात सत्याग्रह झाला, तेव्हापासून हे नाव महाराष्ट्रभर झालं. रसायनशास्त्र शिकवायला मिठागराइतकी चांगली जागा मला तरी दुसरी माहीत नाही.

एक किलो समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. हे सगळं खाण्याचं मीठ नसतं. सोडियम क्लोराईड त्यात साधारण तीन चतुर्थांशाहून थोडं जास्त, बाकी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, चिमूटभर ब्रोमाईड. आता पहिला प्रश्न: समुद्रात सोडियम क्लोराईड असतं का? खरं उत्तर असं की समुद्रात सोडियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) असतात, क्लोराईडचे आयन असतात, आणि त्यांचं आपसात काही नातं नसतं. गणपतीच्या आदल्या दिवशी कणकवलीच्या एसटी स्टँडवर जशी गर्दी असते, तसे हे आयन पाण्याच्या रेणूंच्या घोळक्यात भटकत असतात. कोण कोणाच्या जोडीला आहे हे विचारण्यात अर्थ नाही. जोड्या लागतात त्या पाणी आटल्यावर.

आणि आटवण्यातच सगळं कसब आहे. भरतीचं पाणी आधी मोठ्या कोंडीत घेतात, मग एकातून दुसऱ्या वाफ्यात सोडत नेतात. उथळ वाफे, वर ऊन, वारा. पाणी आटत जातं तसतसे क्षार बाहेर पडतात, पण सगळे एकदम नाही, प्रत्येक जण आपल्या पाळीने. सगळ्यात आधी कॅल्शियम कार्बोनेट, ते पाण्यात फारच कमी विरघळतं. मूळ पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा उरला की जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, खाली बसू लागतं. जवळजवळ दहावा हिस्सा उरला की मग मिठाची पाळी येते. म्हणून मीठ धरायचा वाफा वेगळा. तिथे पाणी पोहोचतं तेव्हा चुनखडी आणि जिप्सम मागच्या वाफ्यांत राहून गेलेलं असतं.

या शेवटच्या वाफ्यात उकिडवं बसून बघा. पाण्यावर आधी सायीसारखा पातळ पापुद्रा धरतो. त्यात चौकोनी बारीक कण दिसतात. कडा सरळ, कोन काटकोनाचे, कोणी छाटल्यासारखे. ते जड होऊन तळाशी जातात आणि तिथे वाढत राहतात. सोडियम आणि क्लोराईडचे आयन आळीपाळीने, उभे-आडवे-खोल अशा तिन्ही दिशांना रचले जातात, म्हणून खडा घनाकार होतो. आतली रचना डोळ्यांनी दिसणं शक्य नाही, पण तिचा आकार मात्र तळहातावर घेता येतो.

इतक्या उथळ वाफ्यांचा आणि उन्हाचा खटाटोप कशाला, गरम खारं पाणी थंड करून मीठ काढता येणार नाही का? साखरेच्या बाबतीत ते जमतं. गरम पाण्यात साखर गारपेक्षा दुप्पट-अडीचपट विरघळते, म्हणून पाक थंड झाला की साखर बाहेर येते. मिठाचं तसं नाही. १०० ग्रॅम पाण्यात साध्या तापमानाला सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं आणि पाणी उकळतं असलं तरी जेमतेम ३९. थंड करून हाती काही लागत नाही. पाणी उडून जाणं हाच एक मार्ग.

सगळं पाणी मात्र आटू द्यायचं नाही. मीठ बसल्यावर वर जे तेलकट, कडू पाणी उरतं त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. तेही आटू दिलं तर मीठ कडवट होतं, म्हणून ते पाणी काढून टाकतात. १८२६ मध्ये आंत्वान बालार या तरुण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला माँपेल्ये गावाजवळच्या मिठागरातल्या अशाच कडू पाण्यात एक नवं मूलद्रव्य सापडलं, ब्रोमीन. मिठागराचं टाकाऊ पाणी आणि त्यात नवं मूलद्रव्य!

या कडू पाण्याचा थोडा अंश खडेमिठाला चिकटून राहतो आणि त्याचा हिशोब पावसाळ्यात चुकता होतो. जून लागला की बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. खरं तर मिठातून पाणी सुटत नसतं, मीठ हवेतली वाफ ओढून घेत असतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की शुद्ध सोडियम क्लोराईडही ओलं होऊ लागतं. मॅग्नेशियम क्लोराईडला तर ३३ टक्के पुरे. कोकणात पावसाळ्यात हवा दिवसचे दिवस ७५ च्या वर असते, पण खडेमीठ उन्हाळ्यातही चिकट लागतं ते या मॅग्नेशियममुळे. पुडीतलं शुद्ध केलेलं मीठ सुटं राहतं, कारण मॅग्नेशियम काढलेलं असतं आणि वर गुठळ्या होऊ नयेत म्हणून एखादी पूड मिसळलेली असते.

मग मीठ पाण्यात विरघळणं हा कोणता बदल? पुस्तक सांगतं भौतिक, परीक्षेत तेच लिहा. पण खड्यात आयन एकमेकांना घट्ट धरून होते आणि पाण्यात ती धरपकड सुटली, प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंनी कडं केलं. हा बांधणीतलाच बदल नव्हे का? माझ्या दृष्टीने मीठ विरघळणं अगदी सीमेवर बसतं. भौतिक म्हणायला आधार एवढाच की सोडियम सोडियमचा आयनच राहिला आणि क्लोराईड क्लोराईडच.

शिंपेपासून भिंतीपर्यंत

चुन्याच्या बाबतीत मात्र शंकेला जागा नाही. खाडीतल्या कालवांच्या, तिसऱ्यांच्या शिंपा जवळजवळ पूर्ण कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात. भट्टीत त्या ९०० अंशांच्या आसपास तापल्या की कार्बन डायऑक्साईड वायू निघून जातो आणि मागे उरतो कळीचा चुना, कॅल्शियम ऑक्साईड. १०० किलो शिंपा घातल्या तर चुना मिळतो ५६ किलो. उरलेले ४४ किलो धुराबरोबर हवेत गेले.

हे ४४ किलो कुठे गेले हा प्रश्न अठराव्या शतकापर्यंत कोणी नीट विचारला नव्हता. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने चुनखडी आणि तिच्यासारखे पदार्थ जाळण्यापूर्वी आणि जाळल्यानंतर तराजूत घातले, घटलेलं वजन म्हणजे त्यांतून सुटलेली 'हवा' आहे हे दाखवलं आणि १७५६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. पुढे फ्रान्समध्ये आंत्वान लाव्हाझिएने तराजूचाच हा मार्ग धरून नियम पक्का केला: रासायनिक बदलात द्रव्य नाहीसं होत नाही आणि नव्याने उपजत नाही, आधीचं एकूण वस्तुमान आणि नंतरचं एकूण वस्तुमान सारखंच. त्याचं पुस्तक १७८९ चं. त्यानंतर पाचच वर्षांनी क्रांतीच्या धामधुमीत त्याचा शिरच्छेद झाला. रसायनशास्त्राच्या इतिहासातला हा सगळ्यात नतद्रष्ट प्रसंग.

कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो सुसकारत फुटतो, वाफा येतात, भांड्याला हात लावणं अशक्य होतं. एक किलो कळीचा चुना विरताना निघणारी उष्णता तीनेक लिटर पाण्याला उकळी आणू शकते. म्हणून चुना विरवताना पोरांना जवळ फिरकू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. उडालेला कण डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. इथे ५६ किलो चुना १८ किलो पाणी बांधून घेतो आणि ७४ किलो विरलेला चुना होतो, कॅल्शियम हायड्रॉक्साईड. हे पाणी मिठाच्या ओलाव्यासारखं नुसतं चिकटलेलं नसतं, ते संयुगाचा भाग झालेलं असतं. उन्हात ठेवून ते परत मिळत नाही.

मग वाळू मिसळून हा चुना दगडांच्या सांध्यांत किंवा भिंतीवर जातो. आधी त्यातलं जादा पाणी वाळतं, तेवढ्याने तो थोडा घट्ट होतो. खरी पकड येते ती नंतर. हवेतला कार्बन डायऑक्साईड आत शिरतो आणि चुना पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो: ७४ किलो विरलेला चुना आणि ४४ किलो वायू मिळून १०० किलो कार्बोनेट आणि १८ किलो पाणी. बेरीज करून बघा, दोन्हीकडे ११८. हवेत हा वायू अगदी थोडा, दहा हजार भागांत चार-सव्वाचार भाग, त्यामुळे जाड भिंतीत आतपर्यंत हे पोहोचायला वर्षानुवर्षं लागतात. जुन्या किल्ल्यांच्या तटातला चुना एवढा कठीण का, याचं एक कारण हे. भट्टीतून गेलेला वायू जितका होता तितकाच भिंतीने हवेतून परत घेतला.

मोरचूद आणि खिळा

सुपारीच्या बागायतदाराला रासायनिक अभिक्रिया शिकवावी लागत नाही. पावसाळ्यात सुपारीच्या शिंपुटांवर, म्हणजे घोसांवर, कोळेरोग येतो, कोवळी फळं कुजून गळतात. त्यावरचा जुना आणि अजून चालणारा उपाय म्हणजे बोर्डो मिश्रण. एक टक्क्याचं करायचं तर एक किलो मोरचूद (निळं कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद अर्ध्या पाण्यात विरघळवायचं, चुना उरलेल्या अर्ध्यात विरवून कालवायचा, गाळायचा आणि मग दोन्ही एकत्र ओतून ढवळायचं. दोन्ही पाणी वेगवेगळं असताना एक निळं पारदर्शक आणि एक पांढुरकं. एकत्र येताक्षणी आकाशी रंगाचा गढूळ द्राव होतो. तांब्याची न विरघळणारी संयुगं बारीक कणांच्या रूपात बाहेर पडलेली असतात. अशा बाहेर पडलेल्या कणांना अवक्षेप म्हणतात. ते पानाफळांना चिकटून बसतात आणि पावसाने सहज धुऊन जात नाहीत.

पुढची पायरी मला फार आवडते. फवारणीआधी त्या द्रावात लोखंडाचा स्वच्छ खिळा किंवा कोयत्याचं टोक थोडा वेळ बुडवतात. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. थर येत नाही तोवर घालत राहायचं. का, तर चुना कमी असला की मोरचुदातलं काही तांबं पाण्यात मोकळं राहतं आणि मोकळं तांबं पानं भाजतं. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील. खिळ्यातले लोखंडाचे अणू आयन होऊन द्रावात उतरतात आणि तांब्याचे आयन त्यांच्या जागी धातू होऊन खिळ्यावर बसतात. दहावीच्या पुस्तकात 'विस्थापन अभिक्रिया' म्हणून जे आहे ते हेच. एका अणूमागे एक अणू असा रोखीचा व्यवहार. लोखंडाचे ५६ ग्रॅम जातात तेव्हा तांब्याचे साडेत्रेसष्ट ग्रॅम येतात, म्हणजे खिळा किंचित जड होतो. हे मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये असं सांगतात, त्याचं कारणही यातच आलं. प्लॅस्टिकचं पिंप घ्यावं.

या मिश्रणाचा शोध चोरांमुळे लागला. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून चुना-मोरचुदाचे डाग उडवून ठेवत. आजूबाजूच्या मळ्यांत केवडा रोगाने पानं गळत असताना या वेली हिरव्या राहिल्या हे पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेत आलं. त्याने प्रयोग करून १८८५ मध्ये कृती जाहीर केली.

मोरचुदाचे खडे हातात कोरडे ठणठणीत लागतात, पण एक किलो खड्यांत सुमारे ३६० ग्रॅम पाणी असतं. ते स्फटिकाच्या रचनेत बांधलेलं आहे. खडा तापवला की पाणी निघून जातं आणि पांढरी भुकटी उरते. त्या भुकटीवर थेंबभर पाणी टाकलं की पुन्हा निळी. बांधणी बदलते, उलटही होते. तक्ता इथेही आडवा पडतो.

गंज, मासळीचा वास, कोकम

गंजाबद्दल फार लिहायची गरज नाही, किनाऱ्यावर घर असलेल्या प्रत्येकाला त्याचा जाच ठाऊक आहे. लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी तिन्ही हवेत. खारी हवा गंज स्वतः करत नाही, पण मिठामुळे पत्र्यावरच्या ओलाव्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि काम भराभर होतं. गंजाचा लाल-तपकिरी रंग आणि जांभ्या दगडाचा रंग दोन्ही लोहाच्या ऑक्साईडांचे. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवेत राहिला की टणक होतो. त्यात पाणी वाळणंही आहे आणि लोहाच्या संयुगांचं बदलणंही. भौतिक आणि रासायनिक दोन्ही बदल एकाच चिऱ्यात चालू असतात.

समुद्रातल्या माशाच्या अंगात एक वास नसलेलं संयुग असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमेथिलअमाईन करतात आणि बाजारात नाकाला झोंबतं ते हेच. ते आम्लारी आहे आणि चटकन उडतं. कोकम किंवा चिंच घातली की त्यातलं आम्ल त्याच्याशी जोडलं जाऊन क्षार बनतो, तो उडत नाही आणि म्हणून नाकापर्यंत पोहोचत नाही. बांगड्याच्या तिखल्याला आंबट हवंच, याला चवीखेरीज हे एक कारण.

कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांचा, आणि ती घरच्या घरी प्रयोग करायला उत्तम. चार आमसुलं पाण्यात भिजवून पाणी गाळून घ्या. त्यात चिमूट-चिमूट खाण्याचा सोडा टाकत जा. आधी नुसता फेस येतो, सोडा कोकमातल्या आम्लाशी भिडून कार्बन डायऑक्साईड सोडत असतो. रंग बहुतेक तसाच राहतो. आम्ल संपत आलं की लाल ओसरून जांभळट छटा येते आणि आणखी सोडा पडला की मळकट निळसर-हिरवी. रंगद्रव्याच्या रेणूची बांधणी बदलली आहे, म्हणजे बदल रासायनिक. आता लिंबू पिळा, लाल रंग परत येतो. पण हेच हिरवट पाणी तासन्‌तास तसंच ठेवलं तर आम्लारीत ती रंगद्रव्यं तुटून जातात आणि मग कितीही लिंबू पिळलं तरी आधीचा लाल येत नाही. पोरांना दाखवायचं असेल तर लिंबू आधीच कापून ठेवा.